नमुना क्रमांक सतरा

फेब्रुवारीची दोन तारीख. क्लनच्या पलीकडे डांबर संपतं
आणि पुढे नुसता चिखल,
मेंढ्यांच्या खुरांनी तुडवलेला, पहाटे गोठलेला,
अकरा वाजता पुन्हा सैल पडू लागलेला.
कौन्सिलची गाडी फाटकापाशी लावून
मी बर्फपेटी खांद्याला अडकवते.
झऱ्याचं पाणी तपासायचंय.
तीन घरं पितात.

झरा म्हणजे दगडात देवळीएवढी खोबण,
वर हेझलचं झाड, त्याला पिवळट तुरे
आणि चिंध्या.
एक निळी, विटलेली. एक लहान मुलाच्या मोज्याची.
एक, बहुतेक, इस्पितळातल्या झग्याची नाडी.
खाली कुजका पाला डोक्यानं ढकलून
स्नोड्रॉप वर आलेले, माना खाली,
वर्गात उशिरा पोचलेल्या पोरांसारखे.

ग्लेनिस प्रॉबर्ट आधीच येऊन उभी होती.
वय ब्याऐंशी, गुडघ्यापर्यंत बूट, हातात थर्मास.
मला वाटलं, चहा.
तिनं झाकण फिरवलं आणि दूध
झऱ्याच्या कडेच्या मातीत ओतलं,
शेवटचा थेंब झटकून.
"पहिल्या मेंढीचं. रात्री व्याली. जुळं."

नियमाप्रमाणे मी सांगायला हवं होतं
की पिण्याच्या पाण्याजवळ असलं काही ओतू नये.
मी विचारलं, कुणासाठी?
"चर्चचं नाव एक. उन्हाळ्यात झगे घालून येतात
त्या लोकांचं दुसरं.
मी नाव घेत नाही बाई.
मी फक्त दिवस चुकवत नाही."

आठवड्यापूर्वी श्रूजबरीत, माझ्या तिसऱ्या मजल्यावर,
रथसप्तमीला मी दूध तापत ठेवलं होतं.
पूर्व कुठली ते फोनवर बघून घेतलं,
पातेलं त्या बाजूला जरा कललेलं.
खिडकीत सूर्य नव्हताच, पाटीसारखं आभाळ.
दूध फुगलं, काठ ओलांडला,
शेगडी घाबरून आपोआप बंद पडली,
छतावरचा धुराचा भोंगा किंचाळला,
आणि मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत
म्हणत होते, झालं, झालं, झालं.
कुणाला म्हणत होते?

हे मी ग्लेनिसला सांगितलं नाही.
हातमोजा काढला.
बाटलीचं तोंड धारेकडे,
तापमान सहा पूर्णांक आठ,
बोटांना ते पाणी चावल्यासारखं लागलं.
वेळ लिहिली, चिठ्ठी लावली.
निघताना चिखल चुकवत चुकवत
झाडाला पूर्ण वळसा पडला, उजवीकडून.
ती बघत होती. बोलली काहीच नाही,
फक्त थर्मास काखेत धरून
माझ्यासाठी काटेरी तार वर उचलली.

परतताना कावळ्यांची शाळा शेतावर.
पाच वाजून गेले तरी दिवा लावावा लागला नाही.
दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात,
पण तीळ दिसत नाही,
एके संध्याकाळी एकदम मूठभर दिसतात.

गुरुवारी निकाल आला. कोलिफॉर्म: चौदा.
तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
तिथं काय लिहायचं?
जिवाणू आहेत. जुळं आहे. झाड फुलावर आहे.
मी लिहिलं: उपभोक्त्यांना कळवावे.

फोन बराच वेळ वाजला.
मागे स्वयंपाकघरात कोकरू ओरडत होतं,
बाटलीनं पाजायचं, जुळ्यातलं अशक्त.
म्हटलं, काही दिवस पाणी उकळून प्या.
"किती वेळ उकळू?"
पत्रकात उत्तर छापलेलं आहे.
माझ्या तोंडून गेलं,
उतू जाईस्तोवर.

ती थांबली. मग म्हणाली,
"बरं. कुठल्या दिशेला?"